दोरीला न लागणारं मशीन

मशीन नव्हतं तेव्हा बाबा वल्ह्यांवर जायचे. कोपरच्या खाडीतून मासळी घेऊन परत येईपर्यंत ऊन डोक्यावर आलेलं असायचं. तोवर डोंबिवलीच्या बाजारात बाकीच्या बायकांच्या पाट्या अर्ध्या रिकाम्या व्हायच्या. आई शेवटी पोचायची आणि शेवटीच बसायची, पार टोकाला. गिऱ्हाईक तिथवर येईपर्यंत त्याची पिशवी भरलेली असायची. उरलेलं आम्ही खायचो. लोकांना वाटतं, खाडीकाठच्या घरात रोज मासे म्हणजे चैन. न खपलेले मासे रोज खाऊन बघा, मग बोला.

मी सातवीत असताना बाबांनी होडीच्या मागे लावायचं मशीन आणलं. जुनंच, एका रेतीवाल्याने वापरून काढून टाकलेलं. दोरी ओढली की धडधडायचं, आणि बाबा बाजार भरायच्या आत परत यायचे. आईची जागा टोकावरून मधे सरकली. मग मी दहावी झाले, बारावी झाले, फिजिक्स घेऊन बी.एस्सी. झाले. आमच्या घरात माझ्याआधी कॉलेजची पायरी कुणी चढलेलं नाही. हे सांगितलं की लोक म्हणतात, मोठेपणा करते. करते. का करू नये?

पण गेली दोन वर्षं मशीन त्रास देत होतं. सकाळी वीस-पंचवीस वेळा दोरी मारली की लागायचं, थोडं चालायचं आणि बसायचं. एकदा बसलं की लागायचंच नाही. एकदा ते भर ओहोटीत पुलाखाली बसलं. पाण्याच्या ओढीने होडी आडवी झाली आणि बाबांचा खांदा खांबावर आपटला. त्यानंतर त्यांना वल्ही मारता येईनाशी झाली. म्हणजे आता मशीन गेलं तर खाडी गेली, इतकं ते सरळ होतं.

मी वागळे इस्टेटमध्ये एका कंपनीत प्रेशर गेज तपासायच्या कामाला आहे. तिथल्याच गल्लीतल्या एका मेकॅनिककडे मी मशीन टेंपोतून घेऊन गेले. त्याने कार्बोरेटर साफ केला, प्लग नवा घातला, पाण्याच्या पिंपात मशीन उभं करून दोरी ओढली. दुसऱ्या दोरीला लागलं. अर्धा तास चाललं.

"ताई, एकदम टकाटक आहे," तो म्हणाला.

घरी आणलं, होडीला लावलं. पुन्हा तेच.

बाबांनी मग कुणाला न विचारता ठरवून टाकलं. पलीकडच्या गावातल्या एका होडीवाल्याला सुट्या भागांसाठी मशीन हवंच होतं. त्याला त्यांनी शब्द दिला, "रविवारच्या भरतीला ये. पानी हातभर उतरंपर्यंत चालू झाला तर माझा, नाय तर तुझा." वर्तकनगरच्या एका सोसायटीत वॉचमनची जागा आहे, हेही त्यांनी विचारून ठेवलेलं. ते मला आईकडून कळलं.

नारळी पुनवेनंतरचा तो रविवार. पहाटे मशीन जरासं चाललं आणि बसलं. मी काठावर पोचले तेव्हा खाडी तुडुंब होती आणि बाबा दुखऱ्या खांद्याने दोरी मारत होते. दोरी मारायची, थांबायचं, खांदा चोळायचा, परत मारायची. तो होडीवाला त्याच्या होडीच्या काठावर बसून तंबाखू मळत होता.

"काका, खांदा उतरल. दे आता सोडून."

बाबांनी परत दोरी मारली. मी सलवार गुडघ्यापर्यंत दुमडली आणि होडीत चढले.

"बाबा, सरका. मला बघू दे."

"कालेजात ह्या पन शिकवतात काय?" होडीवाला हसला.

"शिकवतात. तुम्ही यायला पाहिजे होतं."

तो उठला नाही. त्याला घाई नव्हतीच. पाणी त्याच्या बाजूने होतं.

"पेट्रोल जास्त झाला असल," बाबा म्हणाले. "प्लग भिजला असल."

मी प्लग काढला. कोरडा ठणठणीत होता. तो वायरला जोडून लोखंडाला टेकवला आणि बाबांना दोरी ओढायला लावली. निळी ठिणगी उडाली. म्हणजे करंट होता. मशीनपर्यंत पेट्रोलच पोचत नव्हतं. पण कार्बोरेटर तर आठवड्यापूर्वीच साफ केलेला. मग अडतंय कुठे? होडीत सुट्या ठेवलेल्या टाकीपासून मशीनपर्यंतची नळी चाचपली. कुठे मुडपली नव्हती. नळीच्या मधे पेट्रोल पुढे ढकलायचा रबरी फुगा असतो. तो हातात घेतला. चपटा. दाबून सोडला तरी फुगेना. लहान पोर ज्यूसचा डबा शेवटपर्यंत ओढतं तेव्हा डबा आत बसतो ना, अगदी तसा.

"पानी बघ," बाबा हळूच म्हणाले.

होडी बांधायच्या खुंट्यावर पाण्याच्या वर बोटभर ओली रेघ दिसत होती. ओहोटी लागली होती. होडीवाल्यानेही ती पाहिली. तंबाखू थुंकली आणि उभा राहिला.

माझ्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. मेकॅनिककडे अर्धा तास चाललं ते इथे का चालत नाही? आणि मग लक्षात आलं. टेंपोत पेट्रोल नको म्हणून टाकी आम्ही नेलीच नव्हती. तिथे टाकी त्याची होती.

मी टाकीकडे वळले. झाकणावर लाल, जाड खपली होती.

आमच्याकडे नारळी पुनवेला होडीची पूजा होते, तशी मशीनचीही. मशीन तापतं आणि कुंकू झडतं, म्हणून आई ते टाकीच्या झाकणाला लावायची. "मानसाला कपाल, मशीनला पोट," असं तिचं म्हणणं. खाऱ्या पाण्याने जाऊ नये म्हणून तेलात कालवून लावायची. आणि पुनवेचं कुंकू पुसायचं नाही, हा घरचा नेम. दर वर्षी जुन्यावर नवं. त्या झाकणाला हवा आत जायला बारीक भोक असतं. ते कुठे होतं हे आता दिसतही नव्हतं. पेट्रोल बाहेर जातंय आणि जागा भरायला हवा आत येत नाही, तर टाकी पेट्रोल सोडणार कशी? कंपनीत रोज हेच तपासते मी.

मी झाकणाकडे हात नेला.

"बाय, हात नको लावू!" बाबांचा आवाज चढला. "पुनवेचा कुंकू हाय. पुलाखालून वाचलो तो त्याच्यानं."

एरवी मी भांडले असते. त्याच्याचमुळे तुम्ही पुलाखाली अडकलात, हे अगदी ओठावर आलेलं. पण त्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि गिळलं.

"पुसत नाही, बाबा. झाकण नुसतं सैल करते. पेट्रोल भरताना तुम्ही करताच की."

ते जरा मागे सरले. "कर."

मी झाकण अर्धा आटा फिरवलं. सुस्स करून हवा आत गेली. माझ्या हातातला फुगा आपोआप गोल झाला. बाबांनी तो पाहिला. आणि दोरी धरली.

पहिली. दुसरी. तिसऱ्या दोरीला मशीन लागलं.

"पाच मिन्टांत बसल," होडीवाला म्हणाला.

तीच भीती मला होती. मी उतरले आणि मशीन टिकतं का बघायला बाबा एकटे खाडीत गेले. वळणामागे होडी दिसेनाशी झाली, आवाज तेवढा येत राहिला. मी तोच मोजत उभी होते. आणि आवाज बंद झाला.

होडीवाल्याने माझ्याकडे पाहिलं. "बसला."

त्या ओढीत, त्या खांद्याने ते परत कसे येणार? मी त्याला होडी काढायला सांगणार, तेवढ्यात आवाज परत आला. एकाच दोरीत.

काठाला लागल्यावर बाबा म्हणाले, "मीच बंद केलतू. परत लागते काय बघाला."

"सांगून तरी जायचं!" मी ओरडलेच.

होडीवाल्याने जास्त वेळ घालवला नाही. अजून थांबला असता तर त्याची होडी चिखलात रुतली असती. जाताना एवढंच म्हणाला, "पोरीला शिकवलास तो बरा केलास, काका."

दुपारी आई बाजारातून आली. सगळं ऐकलं. मला वाटलं चिडेल. तिने पाटी खाली ठेवली, बांगडीतली पिन काढली, झाकणावरची खपली बोटाने चाचपली आणि भोक स्वतः मोकळं केलं.

"मीच लावला, मीच काढीन," ती म्हणाली. "पुढच्या पुनवेला बाजूला लावीन."

मशीन विकलं नाही. बाबा वॉचमन झाले नाहीत. आज मशीन दुसऱ्या दोरीला लागतं, आणि आई अजून बाजारात मधेच बसते.