गिरदावरांच्या सशांचा पोळा

मला लिहायची सवय नाही. पोस्टातली सगळी नोकरी दुसऱ्यांच्या पत्रांवर शिक्के मारण्यात गेली. पण सुधाकरराव गिरदावरांविषयी कोणीतरी लिहून ठेवावे असे फार दिवस वाटते, आणि त्यांच्या भिंतीला भिंत लावून राहिलेला आता मीच उरलो आहे. जमेल तसे लिहितो.

जमिनीची मोजणी, पाहणी करणाऱ्या अंमलदाराला आमच्याकडे निजामाच्या काळापासून गिरदावर म्हणतात. पुढे तहसील जाऊन मंडल आले, पाटीवरचा हुद्दाही बदलला, पण सुधाकरराव गिरदावरच राहिले. सहा फूट उंची, खांबासारखे दंड, आणि आवाज असा की एका शेताच्या धुऱ्यावरून हाक मारली तर तिसऱ्या शेतातला माणूस हातातला विळा टाकून उभा राही. जन्मभर त्यांनी लोकांची शेते मोजली. स्वतःचे मात्र ढेकूळभरही नव्हते. शेत नाही म्हणून बैल नाहीत, आणि बैल नाहीत म्हणून पोळ्याला हात रिकामे. वेशीत तोरणाखाली बैलजोड्या उभ्या राहत, तेव्हा कोणाची जोडी पुढे आणि कोणाची मागे यावरून दरवर्षी डोकी फुटायची वेळ येई. सुधाकरराव आवाज टाकून सगळ्यांना रांगेत लावत. तोरण तुटे, बैल उधळत घरी जात आणि हे एकटेच चालत परत येत. कधी बोलले नाहीत. पण पोळ्याच्या दुपारी कुंपणापलीकडच्या नागनाथच्या गोठ्यात जाऊन त्याच्या बैलांच्या मानेखालची लोंबती पोळी खाजवत बसायचे, ते उठायचेच नाहीत.

अठ्ठ्याऐंशी साली नार्नूरहून बदलून जाणाऱ्या एका सोबत्याने त्यांना दोन पांढरे ससे दिले. बायकोने, आशाबाईंनी, दारातच अडवले.

"हे काय आणलं जी? मांजर म्हणावं तं कान एवढाले!"

"बैलजोडी हाय," सुधाकरराव म्हणाले. "हा लाख्या, हा चांद्या."

चांद्या मादी निघाली, पण नाव तेच राहिले. ज्यांच्या हाकेने गावची कुत्री गप्प होत, ते सुधाकरराव संध्याकाळी ओसरीवर पालथे पडून सशांशी इतक्या बारीक आवाजात बोलत की भिंतीपलीकडे मला वाटे, आशाबाईंची बहीण आली आहे.

पुढच्या पोळ्याला जोडी घेऊन तोरणाखाली उभे राहायचे त्यांनी ठरवले. नवा शर्ट शिवला. बैलांच्या शिंगांना लावतात तो लाल हिंगूळ सशांच्या कानांसाठी आणला. अडचण एकच होती. दोघेही ससे सारखे खाजवत होते, मानेवरचे केस गेले होते आणि कातडीवर कोंडा साचला होता.

पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांच्या खांद्याला हळद-तूप चोळतात. त्याच दिवशी नागनाथ आपल्या बैलांवर गोचीड मारायची पावडर टाकत होता. सुधाकररावांनी कुंपणावरून हात पुढे केला.

"नागनाथ, चिमूटभर दे."

"सायेब, हे बैलाचं हाय."

"बैलाले ओंजळ, तं सशाले चिमूट. हिशेब कुठं चुकला, सांग."

मोजणीच्या माणसाला हिशेबात कोण अडवणार? नागनाथने डबा पुढे केला. गोष्ट एवढीच की सुधाकररावांच्या चिमटीत माझी मूठ मावली असती. आणि बैल बैलाला चाटून अंघोळ घालत नाही. ससे घालतात.

पोळ्याच्या सकाळी आशाबाईंची हाक आली, "अवो, लाख्या आडवा चालून राह्यला!"

मीही धावलो. लाख्याला जायचे होते पाण्याच्या वाटीकडे आणि तो जात होता चुलीकडे. चार पावले टाकी, चारही पाय चार दिशांना जात, मग बसल्या जागी थरथरे. तोंडातून लाळ गळत होती. चांद्या कोपऱ्यात पाठ फुगवून बसली होती. समोरच्या कोथिंबिरीला तिने नाकही लावले नाही.

"काऊन टाकलं त्याहिच्या अंगावर?" आशाबाईंनी विचारले.

सुधाकररावांनी खाली बसून दोघांना उचलून पोटाशी घेतले.

माझी लुना होती. मी पुढे, सुधाकरराव मागे, त्यांच्या नव्या शर्टाच्या आत पोटाशी दोन ससे. चढ आला की लुना थांबे, सुधाकरराव उतरत आणि माझ्यासकट तिला ढकलत वर नेत. वाटेत भेटेल तो विचारी, "गिरदावर सायेब, पोट काऊन हालून राह्यलं?" अशी वरात गुडीहत्नूरला गुरांच्या डॉक्टरांच्या घरी पोचली.

डॉक्टर व्यंकटेश तेलुगू माणूस, मराठी-हिंदी मिसळून बोलायचे. सगळे ऐकून त्यांनी कपाळाला हात लावला.

"अय्यो, गिरदावर साब! ये क्या बैल हाय? वर लावलं, यांनी चाटून पोटात घेतलं!"

"कोमट पाण्यानं धुवून काढू?"

"बिलकुल नको! भिजला तर थंडीनं, भीतीनंच मरून जाईल. ओल्या फडक्यानं पुसा, लगेच कोरडं करा. चाटू देऊ नका. उबेत ठेवा." त्यांनी दोघांना एकेक सुई दिली. "अब खाया और लेंडी टाकी, तो समझो बच गया."

"आन् नाही टाकली तं?"

डॉक्टर सशाच्या कानामागे बोट फिरवत राहिले.

घरी येऊन पुसून झाले. पण चाटू नको हे सशांना कोण समजावणार? सुधाकरराव हाताने तोंड धरत आणि ससा बोटे चाटी. शेवटी आशाबाईंनी कात्री आणली.

"शर्ट काढा."

"नवा हाय तो!"

"काढा म्हनलं नं."

दोन्ही बाह्या खांद्यापासून उतरल्या. एका बाहीत लाख्या, एका बाहीत चांद्या, बाहेर फक्त तोंडे आणि कान. दुसऱ्या कोणाच्या शर्टात हे जमले नसते. बिनबाह्यांचा शर्ट घालून सुधाकरराव दोघांना मांडीवर घेऊन बसले आणि कोथिंबिरीचे देठ एकेक करून त्यांच्या ओठांना लावू लागले. "खा रे लाख्या. खा बापा. माह्या हिशेब चुकला, तुह्या नाही." गल्लीतल्या बाया डोकावून गेल्या. राहीबाई म्हणाली, "आशाबाई, जुळे झाले वाटते! बारसं कधी?"

उन्हे उतरली. नागनाथ धापा टाकत आला.

"सायेब, चला! पाटलाची जोडी पुढं का दौलतची, यावर काठ्या निघाल्या!"

"मी येत नाही."

"अवो, तोरण अडून बसलं!"

"बसू दे. माह्याबी जीव अडून बसला हाय."

नागनाथ उभाच राहिला. तेवढ्यात लाख्याने नाक हलवले. देठाचे टोक दातात धरले. कुर्रकुर्र करत देठ आत जाऊ लागला. आम्ही चौघे श्वास रोखून पाहत होतो. देठ संपला. लाख्याने दुसरा मागितला, तिसरा मागितला. मग बाहीच्या दुसऱ्या टोकातून सुधाकररावांच्या गुडघ्यावर काहीतरी टपकले. काळे, गोल, वाटाण्याएवढे.

दोघांना आशाबाईंच्या ओटीत टाकून, ते टपकलेले तळहातावर घेऊन सुधाकरराव उठले आणि धावत सुटले. मागे नागनाथ, त्याच्यामागे मी. उघडे दंड, पुढे धरलेला तळहात, आणि दिवसभर दाबून ठेवलेला तो आवाज वेशीत शिरला.

"टाकली! लाख्यानं लेंडी टाकली!"

काठ्या जागच्या जागी राहिल्या. बैल मात्र राहिले नाहीत. एवढा आवाज त्यांनी वर्षभरात ऐकला नव्हता. सगळ्या जोड्या एकदम उधळल्या, तोरण तटकन तुटले, झुली, बेगड, फुगे हवेत, आणि पाटील का दौलत हे ठरायच्या आत पोळा फुटला. विठ्ठलराव पाटील धुळीत बसून पागोटे शोधत होते. रागावायला त्यांनी तोंड उघडले आणि समोरचा तळहात पाहून त्यांना जे हसू फुटले, ते आवरेना. मग दौलत हसला, मग सगळी वेस.

"दुसऱ्याचं काय?" कोणीतरी विचारले.

सुधाकररावांचा चेहरा उतरला. ते आले तसेच उलटे धावले. आता निम्मे गाव त्यांच्या मागे होते. दारात आशाबाई ओठांवर बोट ठेवून उभ्या होत्या.

"कोकलू नका. चांद्याचंबी झालं. दोघं आत्ताच झोपले."

सुधाकरराव पायरीवर मटकन बसले. हसत होते की रडत होते, मला नीट सांगता यायचे नाही. आशाबाईंनी पुरणपोळीचे ताट समोर आणले आणि सकाळपासूनचा उपाशी माणूस हात पुढे करणार, तोच ताट मागे गेले.

"पयले तो हात धुवा!"