जयंतीच्या दिवशी पाहिलेलं घर

सुलाबाईंनी आयुष्यभर दुसऱ्यांची लेकरं बोटाला धरून चालवली. पूर्णा गावातल्या आमच्या अंगणवाडीत मी सेविका आणि त्या मदतनीस. कागदावर त्यांचं काम म्हणजे झाडलोट करणं, पाणी भरणं, खिचडी शिजवणं. पण खरं काम सकाळी गल्लीत सुरू व्हायचं. दारोदार जाऊन त्या लेकरं गोळा करायच्या. कुणाचं नाक पुसायचं, कुणाची उलटी चढवलेली चड्डी सरळ करायची, रडणाऱ्याला कडेवर घ्यायचं आणि बाकीच्यांना एकमेकांचे हात धरायला लावून ती रांग अंगणवाडीत आणायची. समोरून ट्रॅक्टर आला की सुलाबाई हात वर करून रस्त्याच्या मधोमध उभ्या राहत. मावशीचा हात वर गेला की जागच्या जागी थांबायचं, हे लेकरांना पाठच होतं. ट्रॅक्टरवाला ब्रेक दाबून म्हणायचा, "चला मावशी, न्या तुमची पलटण." मी दारात चडफडत उभी असायची, कारण ह्या बाईंना वाटेतल्या प्रत्येक ओट्यावर चार शब्द बोलल्याशिवाय पुढे पाऊल टाकता येत नसे.

त्यांचे मालक आश्रुबा रेल्वेत गँगमन होते. ते जाऊन बरीच वर्षं झाली. एकुलता एक मुलगा सिद्धोधन शिकला आणि पुण्याला कंपनीत लागला. सून माधवी तिथेच दवाखान्यात नर्स. त्यांना पिंकी झाली आणि सुलाबाईंच्या मनाने एकच घेतलं, की रिटायर झाल्यावर नातीला आपल्या हाताने शाळेत सोडायचं.

"मंजुषाताई, सगळ्या गल्लीची लेकरं नेली मी. माझंच तेवढं ऱ्हायलंय बगा," असं मला म्हणायच्या. पिंकी तिकडे पाळणाघरात आणि ह्या इकडे झुरायच्या.

आई येणार म्हणून सिद्धोधनने घर घ्यायचं ठरवलं. पुण्यात घर घेणं आपल्यासारख्यांच्या आवाक्यातलं आहे का? बिचारा दर रविवारी बाहेर बाहेर सरकत शोधत राहिला. शेवटी दोन जागा उरल्या. एक आतल्या गल्लीत, जुनी इमारत, अंधारा जिना, पण शाळा आणि भाजीवाली चार पावलांवर. दुसरी मोठ्या रस्त्याला लागून, नवी कोरी. शाळा तिथेही होती, पण रस्त्याच्या पलीकडे. तो म्हणाला, आई येऊन बघेल आणि ती सांगेल तेच घेऊ. मुलगा गुणाचा आहे, त्यात वाद नाही. फक्त त्याला सुट्टी मिळत नव्हती. मिळाली ती चौदा एप्रिलची.

जन्मात सुलाबाईंनी जयंती पूर्णेबाहेर केली नव्हती. नातीसाठी गेल्या. पांढरी साडी नेसून आधी त्या गल्लीत गेल्या, तर तिथे शुकशुकाट. सगळे लोक मिरवणुकीला गेलेले, दारांना कुलपं. मग मोठ्या रस्त्यावर आल्या आणि तिथून त्यांनी मला फोन लावला. ढोलाच्या आवाजात काही ऐकू येईना.

"लय चांगली जागा हाय, ताई! रस्त्यावर एक गाडी न्हाई. नुसती मानसं! लेकरं खेळायलीत, बायका चाललेत, मला न वळखता खुर्ची दिली, सरबत दिलं. जय भीम, आई, बसा मनले. मी सिद्धूला सांगितलं, हीच जागा. हितं आपली मानसं हायेत."

मिरवणुकीसाठी रस्ता बंद केलेला होता, हे त्यांच्या ध्यानातच आलं नाही. कसं येणार? पूर्णेला जयंतीच्या दिवशी जी माणसं रस्त्यावर असतात, तीच दुसऱ्या दिवशी ओट्यावर असतात. सिद्धोधनच्या ध्यानात आलं असेल, पण आईचा तो चेहरा बघून त्याच्याने बोलवेना. त्याने घर घेतलं.

मे महिन्यात रिटायर झालेल्या सुलाबाई खोली सोडून, भांडीकुंडी बांधून कायमच्या निघाल्या. मी स्टेशनवर गेले होते. डब्याच्या खिडकीतून त्या इतक्या हसत होत्या, की मला त्यांचा हेवा वाटला.

तिथे गेल्यावर खरा रस्ता दिसला. दिवसभर ट्रक, कंटेनर, डंपर. कडेला चालायला जागा नाही. खुर्ची देणारी माणसं कुठून कुठून आलेली होती, ती आपापल्या घरी गेली होती. फोनवर मात्र मला म्हणायच्या, "जराशी गर्दी हाय. व्हईल सवय." आपण पसंत केलेल्या घराला नावं ठेवायची कशी? सिद्धोधन म्हणाला, पिंकीला व्हॅन लावू. तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, "मग मी कामून आले रे?" व्हॅनचा विषय तिथेच संपला.

जूनमध्ये शाळा उघडली. नवा गणवेश घातलेल्या पिंकीचा हात धरून सुलाबाई खाली उतरल्या. रस्त्याच्या कडेला उभ्या राहिल्या. कुणी थांबेना. शाळेची घंटा झाल्याचं ऐकू आलं, तशा पिंकीला घेऊन निघाल्या. निम्म्यात पोचल्या आणि समोरून कंटेनर येताना दिसला. सुलाबाईंनी आयुष्यभर केलं तेच केलं. हात वर केला आणि मधोमध थांबल्या. पिंकीलाही थांबवलं. पळाल्या असत्या तर पलीकडे पोचल्या असत्या, असं नंतर सगळे म्हणाले. कंटेनर हॉर्न वाजवत जवळून गेला, आणि त्याच्या मागून आलेल्या मोटरसायकलने पिंकीला उडवलं.

पोर वाचली. हात मोडला, कपाळाला टाके पडले. घरात सुलाबाईंना कुणी एक शब्द बोललं नाही. माधवीने तर स्वतः ताट वाढून समोर ठेवलं. ती भांडली असती तर बरं झालं असतं असं मला वाटतं, निदान ह्यांना रडता तरी आलं असतं. पिंकीला व्हॅन लागली. ते गल्लीतलं घर तोवर दुसऱ्या कुणी घेतलं होतं. सुलाबाई गॅलरीत बसून राहायच्या आणि मग एक दिवस "चार दिवस जाऊन येते" म्हणून पूर्णेला आल्या. माझ्या मागच्या खोलीत राहिल्या. श्रावण गेला, गौरी-गणपती गेले. परत जायचं नाव मी काढलं नाही आणि त्यांनीही नाही.

दिवाळीच्या सुट्टीत सिद्धोधन पिंकीला घेऊन आला. सुलाबाईंनी पहाटेपासून घर डोक्यावर घेतलं होतं. करंज्या, शेव, नातीसाठी नवा फ्रॉक. किती महिन्यांनी त्या मोठ्याने बोलत होत्या! चहा झाल्यावर म्हणाल्या, "चल गं माय, तुला माझी अंगणवाडी दावते."

बाहेर गल्ली मोकळी होती. सायकलसुद्धा नव्हती, एक शेळी तेवढी उन्हात बसली होती. सुलाबाईंनी पायरी उतरून हात पुढे केला. पिंकीने त्या हाताकडे बघितलं आणि आपले दोन्ही हात पाठीमागे घेतले.

"अगं, आजीचा हात धर ना," सिद्धोधन म्हणाला.

"नको. आजी मध्येच थांबते."

सिद्धोधनचा चेहरा पडला. तो तिला रागवायला गेला, तर सुलाबाईंनीच त्याला अडवलं.

"तिला बोलू नको. लेकराचं बरोबर हाय. तू धर तिला."

बापाचं बोट धरून पिंकी उड्या मारत पुढे निघाली. सुलाबाईंनी हात पदराखाली घेतला आणि त्या दोघांच्या मागून, जरा अंतर ठेवून चालू लागल्या. ओट्यावरून शेजारच्या बायनाबाईने हाक मारली, "नात आली वाटतं, सुलाबाई?"

"आली की," त्या म्हणाल्या, आणि तिथे न थांबता पुढे गेल्या.