आयेची अट

माझी आई सुभद्रा बांद्याची. लग्न होऊन मालवणात आली तेव्हा तिनं पहिल्यांदा समुद्र पाहिला आणि तो तिला मुळीच आवडला नाही. "येवढां पाणी, आणि प्यावक घोटभर नाय," हे तिचं मत शेवटपर्यंत टिकलं. आणि नवरा कोण मिळावा, तर लवू पडाववाला.

मुंबईची बोट मालवणच्या धक्क्याला कधी लागली नाही. खडकांमुळे ती बाहेर खोल पाण्यात उभी राहायची आणि उतारूंना आणायला पडाव जायचे, म्हणजे वल्ह्यांच्या मोठ्या होड्या. बोटीच्या अंगाला शिडी सोडायची, पडाव तिच्याखाली आणायचा. पण पडाव लाटेबरोबर वर येतो नि खाली जातो, बोट आपली जागच्या जागी. पडाव वर आला की उतारूनं नेमका पाय टाकायचा. चुकला, तर मधल्या फटीत. त्या फटीवर माझे बाबा उभे राहायचे. डावा हात शिडीच्या दोरीला, उजव्या हातात उतारूचं मनगट. हात धरायचा नाही, मनगटच धरायचं. डावा हात माणसापुढे केलेला बाबांना खपत नसे, अपशकून तो. गुरुदास म्हणून एक जण त्यांच्या हाताखाली तयार झाला. त्यानं शिकताना एकदा डावा पुढे केला, तर बाबांनी भर पडावात त्याच्या थोबाडीत दिली होती.

आईचं माहेर डोंगराकडलं, तिला बोटीनं जायचं कारणच कधी पडलं नाही. पण धक्क्यावर बसून ती सगळं बघायची आणि घरी आल्यावर बाबांना टोचायची, "साऱ्या मालवणातल्यो बायलो तुमच्या हातान उतरल्यो. माझाच नशीब फुटकां." बाबा हसून विडी पेटवायचे.

मी त्यांची एकुलती एक मुलगी, सत्यवती. मुंबईला इस्पितळात नर्स. लग्न केलं नव्हतं, आणि त्याबद्दल मालवणात ज्याला त्याला मत होतं, मला विचारायची कुणाला गरज वाटत नव्हती. गोवा मोकळा झाल्यावर बोटी पणजीपर्यंत जाऊ लागल्या, तेव्हा मी रजा घेऊन आले आणि दोघांना म्हटलं, चला, पणजी बघून येऊ. आईनं चक्क मान डोलावली. पण अट घातली, बाबांच्या तोंडावर.

"परत येताना बोटीवरसून माका तुमी उतरवूचा. दुसऱ्या कोणाच्या हाताक मी हात लावचंय नाय."

बाबांनी पडाव सोडून दोन वर्षं झाली होती. वय झालं म्हणून सोडला, असं ते सांगत आणि आम्ही सगळ्यांनी ते मान्य केलं होतं. अट ऐकून ते उठून अंगणात गेले. मला वाटलं, लाजले.

जाताना समुद्र शांत होता. शिडी चढताना आई पुढे, बाबा मागे, कुणाला काही धरावं लागलं नाही. पणजीला तर बोट थेट धक्क्याला लागते, तिथं आई पायरी उतरल्यासारखी उतरली आणि म्हणाली, "ह्यां असला बंदर व्हया." देवळं पाहिली, बाजार पाहिला, आईनं फेणीच्या दुकानासमोर नाकाला पदर लावला आणि काजू मात्र पिशवी भरून घेतले. माझा जीव सुखावला होता. आणि मग एका हॉटेलात चहा आला.

बाबांनी बशी डाव्या हातानं उचलली.

इतर कुणाच्या लक्षात आलं नसतं. माझा तो धंदाच. आई बाहेर फुलवालीशी घासाघीस करत होती तेवढ्यात मी म्हटलं, "बाबा, उजव्या हातान माझो हात दाबा." त्यांनी टाळलं. मी त्यांचा हात धरून माझ्या हातावर ठेवला. दाबला त्यांनी. तान्ह्या मुलाच्या मुठीला याहून जास्त जोर असतो.

"कधीपासून?"

"पडाव सोडलंय तेवापासून. एका सकाळी उठलंय तर हात असो. आवशीक सांगा नको हां, सत्या."

"आणि उद्या शिडीखाली कोणत्या हातान मनगट धरतलास?"

"समुद्र बरो आसलो तर काय कठीण नाय," बाबा म्हणाले, आणि चहा संपवला.

मला इतका राग आला की कप आपटावासा वाटला. माणसाला आपल्या अब्रूची पडलेली, बायको फटीत गेली तरी चालेल. पण त्यांच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि कप हळूच खाली ठेवला. त्या हातावर त्यांचा सगळा जन्म गेला होता.

दुसऱ्या दिवशी समुद्र बरा नव्हता. पणजीची खाडी ओलांडली तशी बोट कुशीवर लोळायला लागली. डेकवर माणसं ओकत होती. आई डोळे मिटून रामेश्वराला गाऱ्हाणं घालत होती. मी बाबांना कठड्याशी गाठलं.

"गुरुदासच येतलो पडाव घेवन. त्याका धरूक सांगा."

"ती त्येका हात देवची नाय. तुझ्या आवशीक वळखतंस मां?"

"मग तिका खरा सांगा."

"सांगलंस तर माझ्याशी बोला नको."

मालवणचा किल्ला दिसायला लागला तेव्हा मी, पापीण, देवाला सांगत होते की आज पडाव न येवो. हवा अशी असली की कधीकधी पडाव येत नसत आणि बोट उतारूंना घेऊन तशीच पुढच्या बंदराला जाई. पण भोंगा झाला आणि खडकांच्या आडून पडाव निघाला. पुढे गुरुदास उभा. त्याला कसलं वारं नि कसलं काय, शिकवणारा कोण होता.

शिडी सोडली. चारपाच जण उतरले, प्रत्येकाला गुरुदासनं मनगट धरून आत घेतलं. मग बाबा उतरले. त्यांना कुणाचा हात लागला नाही, पडाव वर आला तसा त्यांनी पाय टाकला, आणि गुरुदासनं मान देऊन आपली जागा सोडली. बाबांची चाळीस वर्षांची ती जागा. बाबांचा डावा हात आपोआप दोरीला गेला.

आई शिडीच्या शेवटच्या पायरीवर. तिच्या मागच्या पायरीवर मी, एका हातात कठडा, दुसऱ्या हातात तिचं लुगडं मुठीत पकडून. खाली पडाव आला, गेला. बोटीचं नि पडावाचं लाकूड एकमेकांवर घासून करकरत होतं. आईनं हात पुढे केला.

बाबांनी हात दिला नाही.

पडाव खाली गेला. पुन्हा वर आला. बाबांचा उजवा हात अर्धा उचलला आणि तसाच खाली गेला. वरून बोटीचा सारंग ओरडायला लागला, उतरा, नाहीतर शिडी उचलतो.

"गुरुदासाक हात दी गो," बाबा म्हणाले.

"नाय देवचंय."

"दी म्हणतंय ना."

"तुमी धरा."

आईचा एक पाय पायरीवरून सुटून हवेत होता. पडावात सगळी ओळखीची माणसं, बाबांच्याच हातानं कधी ना कधी उतरलेली, सगळी वर बघत होती. आणि बाबांनी त्या सगळ्यांसमोर, वाऱ्यावर ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं सांगितलं, "माझ्या ह्या हातात काय रवलां नाय गो, सुभद्रा. तू पडशीत."

बायकोचं नाव त्यांनी चारचौघात घेतलेलं मी त्याआधी ऐकलं नव्हतं. गुरुदासनं मान खाली घातली.

आई मात्र तशीच उभी. पाण्याला घाबरणारी माझी आई, त्या फटीवर उभी राहून नवऱ्यावर खेकसली, "माका काय सांगतास? दोन वर्षां तुमच्या सदऱ्याची बटणां कोण लावता? दुसरो हात खंय आसा?"

"दोरीक."

"ती दोरी त्या गुरुदासाकडे देवा."

"डावो हात? डाव्या हातान..."

"बटणां लावताना माझो डावो हातय लागता. काय अपशकून झालो नाय अजून."

बाबा गोंधळले. चाळीस वर्षांत त्यांच्या डोक्यात हे आलंच नव्हतं, आणि दोन वर्षं हाताचं दुःख करत बसले तेव्हाही आलं नव्हतं. गुरुदासनं पुढे होऊन त्यांच्या हातातली दोरी काढून घेतली. पडाव खाली गेला. बाबांनी पाय रुंद केले, डावा हात वर केला, आणि लाटेकडे बघितलं. मग त्यांच्या गळ्यातून तो जुना आवाज आला, लहानपणी मी धक्क्यावरून ऐकायचे तो.

"आता ये."

मी लुगडं सोडलं. सोडावंच लागलं, नाहीतर तिघंही गेलो असतो. आईनं पाय टाकला, बाबांनी तिचं मनगट पकडलं आणि पडाव माझ्या पायांखालून खाली निघून गेला. क्षणभर मला दोघंही दिसेनात. मग दिसली. आधी खाली दिलेल्या काजूच्या पिशवीवर पडलेली, एकमेकांना घट्ट धरून. आई हसत होती की रडत होती ते वरून कळलं नाही.

माझ्या पाळीला बाबांनी पुन्हा डावा हात वर केला. एवढी मोठी नर्स मी, पण त्या हातात मनगट देताना रडू आवरलं नाही.

धक्क्याकडे येताना लाटेचं पाणी अंगावर येत होतं, बाबांचा सदरा भिजून वरचं बटण सुटलं होतं. आईनं त्यांच्याकडे न बघता, गुरुदासशी पणजीच्या धक्क्याबद्दल बोलत बोलत हात पुढे केला आणि सगळ्या पडावासमोर ते बटण लावलं.