मागच्या अंगणातला पॅटिओ आणि सुशीलाताईंचा चहा

घरात बांधकाम निघाले की दोन गोष्टी हमखास उरतात: खडी आणि किस्से. उरलेली खडी माझ्या मुलाने, शिरीषने, गॅरेजमागे ढीग करून ठेवली आहे. "कधीतरी उपयोगी पडेल," असे तो म्हणतो. किस्से मात्र मला नेहमीच उपयोगी पडतात. इकडे परदेशात, वेस्ट विंडसरच्या आमच्या मंडळींपैकी कोणीही आले की खिडकीतून मागचा पॅटिओ, म्हणजे विटांचा उघडा ओटा, पाहते आणि म्हणते, "काकू, तो वास्तूचा किस्सा सांगा ना!" मग एकातून दुसरा निघतो, आणि प्रत्येक जण पुढे सांगताना त्यात स्वतःची भर घालतो. तेव्हा म्हटले, एकदा आपणच क्रमवार लिहून ठेवावेत.

*

पहिला पॅटिओ मंगेशने बसवला. मंगेश शिरीषचा ऑफिसातला मित्र. नागपूरचा, उत्साही, आणि कोणत्याही कामाला 'येत नाही' असे न म्हणणारा. शिरीष व्हिडिओ पाहून सांगत होता की आधी खोल खणून खाली खडीचा जाड थर द्यावा लागतो.

"अबे, खणायचं कशाला?" मंगेश म्हणाला. "आमच्या घरी डायरेक्ट मातीवर फरशी टाकली आहे. मी शाळेत होतो तेव्हापासून हलली नाही!"

"नागपूरची जमीन हिवाळ्यात गोठते का रे?" मी विचारले.

"काय काकू! नागपूरला तर माणूस वितळतो!"

"मग उदाहरण अप्रस्तुत आहे."

कोणी ऐकले नाही. येथला हिवाळा मोठा चंचल. आज गोठवतो, उद्या वितळवतो. विटांखालच्या मातीत मुरलेले पाणी गोठले की फुगते आणि वीट वर उचलते. वितळले की वीट खाली बसते, पण आपल्या मूळ जागी नव्हे. बर्फ गेल्यावर मंगेश त्या पॅटिओकडे बराच वेळ पाहत उभा राहिला.

"काकू, तळलेल्या पापडासारखा दिसतो ना?"

"दिसतो. फक्त ताटात वाढता येत नाही!"

*

हे हसण्यावारी गेले असते. पण त्याच सुमारास सुशीलाताई त्यावर पडल्या.

सुशीलाताई म्हणजे शेजारच्या मंजिरीची आई. दोन्ही अंगणांमध्ये कुंपण नाही, म्हणून आमचा दुपारचा चहा मागेच होत असे. मुले ऑफिसात, नातवंडे शाळेत. दिवसभरात आपल्या भाषेत पूर्ण वाक्य बोलण्याची आम्हा दोघींना तेवढीच संधी. एका उचललेल्या विटेत त्यांचा पाय अडकला, घोटा दुखावला आणि घरात आधाराने चालायचा वॉकर आला.

मंजिरी एका कंपनीत सुरक्षेची तपासणी करते. तिने आल्याआल्या निकाल दिला, "आई, नो पॅटिओ! शिरीषदादा नवीन करतोय ना, करू दे. त्या पॅटिओला एक विंटर काढू दे. मग मी स्वतः इन्स्पेक्ट करीन. पास झाला तरच जायचं."

तेव्हापासून आमचा चहा फोनवर. त्या त्यांच्या खिडकीत, मी माझ्या.

"मालतीताई," त्या एकदा म्हणाल्या, "तुरुंगातसुद्धा दिवसातून एकदा अंगणात सोडतात हो!"

मी फोन ठेवला आणि शिरीषला सांगितले, "या वेळी खणायचे. आणि मी समोर उभी राहणार."

*

खणण्यापूर्वी येथे फोन करून कळवावे लागते. मग माणूस येऊन जमिनीखालून गॅसच्या नळ्या आणि विजेच्या तारा कोठून गेल्या आहेत ते पाहतो आणि त्या जागी लहान रंगीत झेंडे रोवून जातो. पिवळे गॅसचे, लाल विजेचे.

शनिवारी शिरीष फावडे घेऊन मागे गेला, तो अंगण स्वच्छ!

"आई, झेंडे कुठे गेले?"

आत आमचे व्याही बापट स्टुलावर उभे होते. लेकीकडे गणपतीसाठी म्हणून पुण्याहून आलेले, आणि मखराची जबाबदारी त्यांनी स्वतःहून घेतलेली. मखराला पिवळ्या आणि लाल पताकांची सुरेख झालर लागली होती.

"गवतात उगाच वाया चालल्या होत्या," ते समाधानाने म्हणाले.

माझी नात रिया येथलीच. तिने मखराकडे पाहिले आणि ओरडली, "आजी! बाप्पा इज सिटिंग ऑन द गॅस लाइन!"

*

पुन्हा फोन, पुन्हा झेंडे. तोवर खडीचा ट्रक सांगितलेल्या दिवसाच्या आधीच आला, आणि नेमका आरतीच्या दिवशी! चालकाने सगळी खडी ड्राइव्हवेवर ओतली आणि हात हलवून निघून गेला. दाराशी जायला वाट उरली नाही. पाहुणे येऊ लागले. रेशमी कुडते, पैठण्या, मोत्यांच्या नथी. मी दारात बादल्या मांडल्या आणि जाहीर केले, "आधी बादली, मग आरती! प्रत्येकाने एक बादली खडी मागच्या अंगणात टाकायची."

"काकू, माय बॅक इज नॉट गुड," एक तरुण म्हणाला.

"मग ही लहान बादली घ्या."

तासाभरात वाट मोकळी झाली. आरती इतक्या खड्या आवाजात आमच्याकडे पूर्वी कधी झाली नव्हती. सगळ्यांनाच धाप लागलेली होती आणि भूकही. जेवताना तोच तरुण पान पुढे करून भीत भीत म्हणाला, "काकू, दुसऱ्या मोदकासाठी दुसरी बादली लागते का?"

"नाही," मी म्हटले, "पण कल्पना चांगली आहे!"

*

खडी थराथराने दाबण्यासाठी मंगेशने यांत्रिक धुम्मस भाड्याने आणले. ते सुरू झाले की फडताळातली भांडी बोलू लागत. देवघर त्याच भिंतीला लागून. दुपारी निरांजन लावायला गेले, तर देव सरकत सरकत फिरलेले. बाळकृष्ण कोपऱ्यात, आणि अन्नपूर्णा चक्क भिंतीकडे तोंड करून!

मी मंगेशला आत बोलावले. "हे काय आहे?"

त्याने टोपी काढून नमस्कार केला आणि गंभीरपणे म्हणाला, "काकू, देवी मागच्या वर्षीचा पॅटिओ अजून विसरली नाही वाटतं!"

*

आता वास्तूचा किस्सा.

पॅटिओला घरापासून बाहेरच्या बाजूला किंचित उतार हवा, म्हणजे पाणी साचून गोठत नाही. शिरीषने त्या बेताने खुंट्यांना दोऱ्या बांधल्या आणि सगळे जेवायला बसले. जेवणानंतर त्याच दोऱ्यांवरून वाळू सपाट केली आणि संध्याकाळपर्यंत अर्ध्या विटा बसल्या.

सकाळी मी नेहमीप्रमाणे मागच्या दारात सडा घातला. पाणी बाहेर जाईना! ते सावकाश परत फिरले, उंबरठ्याशी आले आणि माझ्या पावलांशी थांबले.

"शिरीष! हे पाणी घरात का येते आहे?"

बापट चहाचा कप घेऊन बाहेर आले. "विहीणबाई, आले ना? छान! उतार ईशान्येला असावा असे वास्तुशास्त्र सांगते. तुम्ही जेवत होतात तेव्हा मी दोऱ्या तेवढ्या सारख्या केल्या."

पॅटिओच्या ईशान्येला आमचे घर आहे.

शिरीषने हसून मान डोलावली. सासरे पडले ना! मंगेशने पहिली वीट उपटली. बापट मात्र ठाम होते. "पाण्याबरोबर घरात लक्ष्मी येते, विहीणबाई!"

"येऊ द्या," मी म्हटले, "पण तिला बेसमेंटमध्ये पोहावे लागेल, हे तिला कोण सांगणार?"

*

हिवाळा आला. बर्फ पडला, वितळला, पुन्हा पडला. सुशीलाताई रोज फोनवर विचारत, "हलला का हो?" मी म्हणत असे, "दिसत नाही, पांघरूण घेऊन निजला आहे."

अखेर ऊन पडले आणि मंजिरी तपासणीला आली. आम्ही सगळे भिंतीशी ओळीने उभे. गवताच्या काठावर सुशीलाताई, वॉकर घट्ट धरून. माझ्या हातात किटली. मंगेशने आपली चार हात लांब पाणसळ, म्हणजे पातळी पाहायची पट्टी, जागोजागी टेकवून उतार दाखवला. मंजिरी गुडघ्यांवर बसून एकेक सांध्यावरून बोट फिरवत होती. एकही वीट वर आलेली नव्हती. तरी तिने दोनदा पाहिले.

शेवटी ती उठली. "ओके. पास!"

मंगेशने पाणसळ तिथेच टाकली आणि शिरीषला मिठी मारली. मंजिरी आईसमोर उभी राहिली आणि तिच्याकडे तोंड करून, हात पुढे धरून, एकेक पाऊल मागे सरकू लागली.

"ये आई. सावकाश. इकडे तिकडे नको, पायाखाली बघून चालायचं. पायाखाली बघ, मी काय सांगते—"

आणि पाणसळीला अडखळून मंजिरी धपकन खाली बसली!

कोणी हसले नाही, हिंमत नव्हती. सुशीलाताईंनी तिला वळसा घातला, वॉकरसह खुर्चीपर्यंत आल्या, बसल्या, माझ्या हातून कप घेतला आणि एक घोट घेतला. मग वॉकर हलकेच लेकीकडे लोटला.

"घे हं मंजिरी, माझं काम झालंय. संकोच करू नकोस!"