बँकॉकच्या कालवणाचं वाटण

पौडला आमच्या शेजारच्या भाभी फार कमी बोलायच्या. त्यांचे मियाँ पूर्वी बोटीवर होते. आजारी पडून घरी बसल्यावर त्यांना बँकॉकला खाल्लेलं कालवण हवंसं वाटे. तिथला आंबवलेल्या कोळंबीचा गोळा इथे मिळायचा नाही. म्हणून भाभी मिरची आणि गवती चहाबरोबर भाजलेला सुका जवळा वाटत, कधी सोडे, म्हणजे सुकवलेली कोळंबी. मियाँ एक घास घेऊन ताट सरकवत, "ती चव न्हाई."

एकदा बाजारात सुकी मासळीच आली नाही. त्या दिवशी मियाँ पोटभर जेवले. "व्हय, हीच ती चव!"

"भाभी, जमलं की!" मी म्हटलं.

त्यांनी मला बाहेर नेलं. "आज मासळी घातलीच न्हाई. ते समदं इसराय लागलेत."

त्यानंतर मियाँना एकटं सोडून त्या बाजारालाही गेल्या नाहीत.