नसलेल्या पंपाची तपासणी

...तर अलार्म ओरडला आणि डॉक्टर खुर्चीतून उठून सरळ दाराबाहेर पडले! काल इथेच येऊन थांबलो होतो ना? आता पुढचं ऐका.

पण काल जे नव्हते त्यांच्यासाठी आधी दोन शब्द. हे डॉक्टर म्हणजे औषध देणारे डॉक्टर नव्हेत. हे वीज केंद्रातले पंपांचे ऑपरेटर. हातात कायम एक लोखंडी सळई. तिचं एक टोक पंपाच्या बेअरिंगवर टेकवायचं, दुसरं कानाशी धरायचं, डोळे मिटायचे आणि म्हणायचं, "हं, याला जरा कणकण आहे." म्हणून डॉक्टर. त्यांचं खरं नाव हजेरी घेणाऱ्यालासुद्धा आठवावं लागायचं.

आणि ज्या खोलीतून ते बाहेर पडले, ती खरी कंट्रोल रूम नव्हतीच मुळी. ती प्रशिक्षण केंद्रातली तिची हुबेहूब नक्कल. पडदे तेच, बटणं तीच, कानठळ्या बसवणारे अलार्म तेच. पण भिंतीपलीकडे ना बॉयलर, ना टर्बाइन. नुसता एक संगणक. वैमानिकाला जमिनीवरच बसवून विमान उडवायला शिकवतात, तशातला प्रकार. तिथे डॉक्टरांची परीक्षा चालली होती. पडद्यावर दिसलं, की फीड पंप थरथरतोय. फीड पंप म्हणजे बॉयलरला पाणी पाजणारा पंप. आता पंप थरथरला की त्याच्याकडे धावायचं, हे डॉक्टरांच्या हाडीमांसी मुरलेलं. परीक्षा आहे हे डोक्याला ठाऊक होतं, पायांना कोण सांगणार? पाय निघाले.

बाहेर लांबलचक व्हरांडा. एक मावशी फरशी पुसत होत्या.

"मावशी, पंप कुठाय?"

"कसला पंप? प्यायला पाणी हवं असेल तर कूलर आहे त्या कोपऱ्यात. आणि ओल्यावरून जाऊ नका!"

डॉक्टर कूलरपर्यंत जाऊन आले. कूलरलाही कान लावला असं लोक सांगतात, ते स्वतः मात्र साफ नाकबूल करतात. परत येऊन बघतात तर बॉयलरमधलं पाणी पार तळाला गेलेलं आणि अख्खं केंद्र बंद. पडद्यावरचं, अर्थात. प्रशिक्षण देणाऱ्या मॅडम हाताची घडी घालून उभ्या.

"कुठे गेला होतात?"

"पंप बघायला."

"आणि बाकीचं केंद्र कोण बघत होतं?"

डॉक्टरांनी सळईकडे बघितलं. सळई काय बोलणार! नापास.

हसायला येतं खरं, पण त्या माणसाची पंचाईत समजून घ्या. इतकी वर्षं यंत्रांच्या गोंगाटात काढल्यामुळे त्यांचा डावा कान जवळजवळ गेला होता. कानाच्या तज्ज्ञांनी स्पष्ट बजावलं होतं, की आता यंत्रांजवळ उभं राहायचं नाही. म्हणजे दोनच वाटा. एक, परीक्षा पास होऊन वर काचेआड, शांत कंट्रोल रूममध्ये बटणांच्या पॅनेलवर बसायचं. दुसरी, गोदामात नटबोल्ट मोजत नोकरी संपवायची. परीक्षेची संधी आणखी एकदाच मिळणार होती.

नटबोल्ट मोजणं काही वाईट काम नाही. पण हा माणूस पडला चौकस. आयुष्यात वर चढला तो 'का?' विचारत विचारत. अगदी सुरुवातीला बॉयलरमध्ये जळलेल्या कोळशाच्या राखेच्या खात्यात मदतनीस होते, तेव्हा त्यांनी वरिष्ठांना विचारलं, "ही राख जाते कुठे?" वरिष्ठ म्हणाले, "पाइपातून जाते. तुला काय करायचंय?" झालं. सुटीच्या दिवशी डबा घेऊन पठ्ठ्या पाइपाच्या कडेकडेने चालत निघाला, तो थेट राखेच्या तळ्यापर्यंत. घरी परतला तेव्हा भुवयांसकट करडा. बायकोने दार उघडलं आणि म्हणाली, "कोण पाहिजे?"

तर असा माणूस नटबोल्टांना काय विचारणार?

बायको इस्पितळात टेलिफोनवर बसायची. नापास झाल्याचं ऐकून ती आधी पोट धरून हसली, मग पाणी आणून दिलं, मग म्हणाली, "अहो, मला दिवसभर फोन येतात. कुणी म्हणतं, 'बाबांना कसंतरीच होतंय.' मग मी काय त्यांच्या घरी पळत जाते?"

"मग काय करतेस?"

"विचारते. शुद्धीत आहेत का? श्वास कसा चाललाय? घाम आलाय का? त्यांच्या डोळ्यांनी बघते मी."

"विचारण्यात काय आहे? मी तर जन्मभर विचारतच आलोय."

"असं? बसा मग त्या खुर्चीत. तोंड भिंतीकडे. मी दूध तापवते. तुम्ही बसल्या जागेवरून सांभाळायचं."

बसले डॉक्टर. थोड्या वेळाने रुबाबात विचारलं, "काय चाललंय?"

"ठीक चाललंय."

डॉक्टर निवांत. इतक्यात चर्र आवाज आणि करपल्याचा वास.

"अगं, ऊतू गेलं! ठीक काय म्हणालीस?"

"मी ठीकच आहे की! दुधाचं कुठे विचारलंत?"

डॉक्टरांना आधी राग आला आणि मग एकदम गंमत वाटली. कारण खाली पंपावर असताना तेही हेच करत आलेले. वरून वॉकीटॉकीवर आवाज यायचा, "काय परिस्थिती?" आणि हे ठोकून द्यायचे, "सगळं ठीक!" वरच्या माणसाला त्या ठीकमधून काय कळत असेल, हा प्रश्न इतक्या वर्षांत या चौकस माणसाला पडलाच नव्हता.

मग रोज तोच खेळ. फोडणी झाली, भात झाला, इस्त्रीसुद्धा झाली. बायको इतकी पक्की, की विचारलं तेवढंच सांगायची, वर एक अक्षर नाही. एक सदरा जळाला. पण डॉक्टरांचे प्रश्न हळूहळू टोकदार होत गेले. 'झालं का?' गेलं आणि 'बुडबुडे कडेला आहेत की मध्ये?' आलं.

दुसऱ्या परीक्षेच्या दिवशी मॅडमनी त्यांना खुर्चीत बसवलं. शेजारच्या खोलीत फोनवर बसवला डॉक्टरांचाच खालचा जोडीदार. त्याला सगळे भोंगा म्हणत, कारण हळू बोलणं त्याला माहीत नव्हतं. पंपाशी काय घडतंय ते मॅडम त्याला पडद्यावर दाखवणार होत्या, आणि ताकीद होती, विचारतील तेवढंच सांगायचं.

सुरू झालं. बरंचसं सरळ गेलं. मग अलार्म. फीड पंपाचं एक बेअरिंग तापत चाललं होतं. त्याच वेळी बॉयलरमधल्या पाण्याची पातळीही वरखाली डोलायला लागली. डॉक्टरांच्या टाचा उचलल्या गेल्या. मॅडमनी ते पाहिलं. डॉक्टरांनी दोन्ही पाय खुर्चीच्या दांडीत अडकवले, नजर पाण्याच्या पातळीवर ठेवली आणि फोन उचलून उजव्या कानाला लावला.

"भोंग्या, फीड पंपाशी काय दिसतंय?"

"सगळं ठीक!"

"तुझं ठीक ठेव खिशात. बेअरिंगजवळच्या काचेत तेल आहे का?"

"आहे."

"पातळी?"

"खुणेच्या जरा वर."

डॉक्टर थबकले. तेल कमी होतं, गळतं; ते आपण होऊन वाढतं कशाला? पाण्याच्या पातळीवरची नजर न हलवता त्यांनी विचारलं, "रंग कसा आहे?"

"पांढुरका. ताकासारखा."

"पाणी शिरलंय तेलात! बाजूला हो. मी दुसरा पंप चालू करतोय. फिरायला लागला की सांग, नुसतं हो म्हणू नकोस, दाब किती आला ते वाच."

भोंग्याने दाब वाचून दाखवला, तो भिंतीतूनही ऐकू आला. दुसऱ्या पंपाने भार घेतला, तेव्हा डॉक्टरांनी पहिला थांबवला. पातळी आणखी थोडी डोलली आणि मधल्या रेषेवर स्थिरावली. अलार्म गप्प झाला.

मॅडमनी पडद्यावरचा खेळ थांबवला आणि त्या पहिल्यांदाच हसल्या. "डॉक्टर, पास. सोमवारपासून वर पॅनेलवर बसायचं. जा, घरी फोन करून सांगा."

डॉक्टर जागचे हलेनात. पाय अजून खुर्चीच्या दांडीतच. नजर त्या थांबवलेल्या पंपाच्या चित्रावर.

"आता काय राहिलं?" मॅडमनी विचारलं.

"त्या तेलात पाणी आलं कुठून?"

"अहो, तेल नाही, पाणी नाही, तो पंपच मुळात नाही! परीक्षा संपली."

त्यावर डॉक्टर म्हणाले, "पंप नसेना का, पाणी तर शिरलंय ना? मग कुठून शिरलं तेवढं सांगा, म्हणजे मी निघतो."