दुसऱ्या भागाची किंमत

सासऱ्यांचा उभा जन्म बुटांच्या कारखान्यात चामडं कापण्यात गेला. पुस्तकाला हात लावला असेल तर मुलाच्या वह्या-पुस्तकांना कव्हर घालण्यापुरता. निवृत्तीनंतर सुनेने आपला जुना टॅब त्यांना दिला आणि सेलमध्ये चहाच्या भावात मिळालेली एक परदेशी कादंबरी, मराठीत आलेली, त्यात घालून दिली. म्हाताऱ्याला वेडच लागलं. सूट दिसली की घ्यायचं, मग गोष्ट बर्फातली असो की वाळवंटातली. फुकट ते पौष्टिक आणि स्वस्त ते त्याच्या खालोखाल, असा सगळा हिशेब. तेच पुस्तक सून शिवणाच्या कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत फोनवर वाचायची. मग संध्याकाळी भाजी निवडताना दोघं त्या परक्या माणसांची उणीदुणी काढत बसायची, जणू सगळे नात्यातलेच.

यंदा मात्र सेलमधून एका नावाड्याची कादंबरी आली आणि घात झाला. दोन भागांची. पहिला संपता संपता नावाड्याला खोकला लागतो. इकडे सासऱ्यांच्या फुप्फुसाचा तुकडा तपासायला गेलेला. सुनेला राहवेना. तिने दुसरा भाग घेतला, शेवटची पानं आधी वाचली आणि जेवणाचा डबा तसाच बंद केला. नावाडी मरतो.

घरी आल्यावर तिने ठोकून दिलं, "बाबा, दुसरा भाग फार महाग आहे. सूट लागली की घेऊ."

"घेऊ की," सासरे म्हणाले. सुनेला वाटलं, सुंठीवाचून खोकला गेला.

पण सासरे रोज सकाळी विचारायचे, "उतरली का गं किंमत?" ती नाही म्हणायची आणि कामाला पळायची. मग रिपोर्ट आला. नवऱ्याने तो फक्त तिला वाचून दाखवला, ऑफिसातच ठेवला आणि वडिलांना सांगितलं, अजून यायचाय. आता घरात दोन खोटी झाली. खोटं बोलावं पण रेटून बोलावं म्हणतात. तिला तेही जमेना. सासऱ्यांपुढे ताट ठेवताना ती खाली बघायची. स्वतःचीच चीड यायची तिला.

एका संध्याकाळी सासऱ्यांनी टॅब तिच्यापुढे केला. पडद्यावर दुसऱ्या भागाचं शेवटचं पान होतं.

"अगं, खातं एकच ना आपलं? तू घेतलास तेव्हाच इथेही आला. वाचून झालाय माझा."

तिच्या हातातली भाजी तशीच राहिली. "मग रोज किंमत कशाला विचारत होता?"

"म्हटलं, आज तरी खरं सांगशील." ते जरा खोकले. "नावाडी गेला त्याचं काही नाही गं. माणूस जातोच. पण घरात इतकी माणसं असून शेवटी त्याच्याशी धड बोलायला कुणी नव्हतं. ते वाचून मला भीती वाटली."

सून रडायला लागली. त्यांनी तिला रडू दिलं.

"रिपोर्ट आलाय ना?"

"आलाय, बाबा."

"मग सांग. शेवट आधी सांगितलास तरी चालेल."

तिने डोळे पुसले आणि शेवट आधी सांगितला.